लाल अक्षरं

ता. ४ मार्च

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

काम फळाला आलं. काकांनी जुन्या हस्तलिखितावरून लॅपटॉपवर उतरवलेला तो चिनी युद्धग्रंथ आणि त्यानंतर कितीतरी काळाने लिहिलेला दुसरा, असे दोन्ही मी संगणकात शेजारी शेजारी लावले. दोहोंत सारखी असलेली वाक्यं यंत्र पिवळी करतं. सातवं प्रकरण तर हळद सांडल्यासारखं पिवळं झालं. म्हणजे नंतरच्या पठ्ठ्याने ते बिनदिक्कत उचललं आहे. माझा सगळा प्रबंध आता यावर उभा आहे. आमचे सर सहसा कुणाला चांगलं म्हणत नाहीत, तेही "बरं आहे" म्हणाले.

आणि काकांची प्रत किती स्वच्छ! एवढं जुनं पुस्तक, पण एकही जागा रिकामी नाही.

गुडघा शेकतेस ना? लोभ आहेच, थोडा आणखी मागते.

तुझी
ठकू

ता. ११ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आनंद झाला, पण "एकही जागा रिकामी नाही" यापाशी अडखळले. त्या हस्तलिखिताला कसर लागली होती. सातव्या प्रकरणाची तर जाळी झाली आहे, असं हे ग्रंथालयातून आले की सांगत. जिथे अक्षरं गेली तिथे हे त्या दुसऱ्या ग्रंथातली वाक्यं घालत, वाचताना ठेच लागू नये म्हणून. पण ती लाल अक्षरांत. मला त्यातलं एक अक्षर येत नाही, माझी मजल मराठी पुस्तकांपर्यंत. पण लाल आणि काळं कळतं.

तुझ्या प्रतीत लाल आहे ना? असेल तर मला वेडी म्हण आणि सोडून दे.

माया करणारी,
काकू

ता. १९ मार्च

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

लाल नाही. मीच काकांना कळवलं होतं की यंत्र रंग घेत नाही, साधी काळी अक्षरं करून पाठवा. त्यांनी केली, आणि त्याच फाइलवर जतन केली. काका गेल्यावर तू पाठवलेला त्यांचा लॅपटॉप सगळा उपसला, दुसरी प्रत नाही. मूळ हस्तलिखित ग्रंथालयात पाणी शिरलं तेव्हा गेलं. फोटो कुणी काढले नव्हते. म्हणजे काकांनी भरलेलंच यंत्राने मला दाखवलं. सगळं की थोडं, तेही कळायला मार्ग नाही.

सर म्हणाले, मूळचं कुठलं आणि भरलेलं कुठलं ते वेगळं करून आण, नाहीतर प्रकरण काढ. ते काढलं तर उरतं काय?

काकू, ते कधी काही बोलले होते का? काहीही आठव.

तुझी
ठकू

ता. २७ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुला सातवं प्रकरण वाचायला लावलं, कारण सांगितलं नाही. हे संध्याकाळी मला तेच मोठ्याने वाचून दाखवत. मी इस्त्री करत ऐकायची. कळत काही नसे, यांचा उत्साह म्हणून. लाल आलं की यांचा आवाज खाली जायचा, दुसऱ्याच्या घरात बोलावं तसा. एकदा विचारलं तर म्हणाले, "हे त्याचं नाही, मी घातलंय."

वाटलं, ऐकून जागा ओळखता येतील. डोळे मिटून बसले. तो खाली गेलेला आवाज मला आजही ऐकू येतो, पण कुठल्या शब्दांवर, ते नाही. तुझा आवाज शेवटपर्यंत सारखाच होता.

प्रकरण काढ, बाळा. दोष यांना देऊ नकोस, स्वतःलाही नको. वेळेवर जेवत जा.

आणि काढण्याआधी एकदा पुन्हा वाचून दाखव. कामासाठी नव्हे.

माया आहे तिथेच आहे.

तुझी
काकू