शेंगांचा आवाज

प्रिय उज्ज्वलाताई,

आठवतं, कॉन्व्हेंटातून आलो की आपण तुरीच्या शेंगा सोलायचो आणि तू पितळी पेला तोंडाशी धरून बातम्या द्यायचीस? आई म्हणायची, "बातम्या मंग देजो, पयले हात चालव!"

तू असतीस तर हे पत्र पोस्टात टाकलं असतं.

मेडशीच्या माझ्या शाळेतली सायली विद्यार्थ्यांच्या बातमीपट स्पर्धेत उतरली आहे. आमच्या शाळेतून पहिलीच. बातमी रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, फस्त केलेल्या तुरीची. पण ज्यांचं शेत, त्या म्हाताऱ्या आवडाबाई कॅमेऱ्यासमोर गप्पच.

"रिकाम्या हातानं काय बोलू वं बाई?"

मी त्यांच्या मांडीवर शेंगांनी भरलेलं सूप ठेवलं आणि सोलता सोलता त्या बोलतच सुटल्या. "आमी डबडे वाजवून राह्यलो, तरी रोही येतेच. त्यायलेबी पोट हाये ना!"

सायली हिरमुसली. "मॅडम, शेंगांचा आवाज येऊन राह्यला. मार्क कापतीन!"

"कापू दे. हात थांबले की आजी थांबते."

तिनं पुन्हा ऐकलं, हसली आणि तसंच पाठवलं. निकाल यायचा आहे, पण मी निश्चिंत आहे.

करंडक आला तर शाळेला. परसातल्या शेंगा आवडाबाईंना. तुझा पेला सायलीला. विचारत नाही, सांगते आहे.

तुझी धाकटी,
सुलभा