दोन्हीकडून सारखी शिंगं

मु. कोचकोर
(खरं तर तुमच्याच स्वयंपाकघरातून)

वडीलधारे सागिन मामा यांस,

भाचा जेंगिशचा वाकून सलाम. मेंढरं ठीक? घोडी ठीक? कुत्रा ठीक? बुरुल मामी ठीक? (हा क्रम माझा नाही. मागे फोनवर तुम्ही आमची विचारपूस याच क्रमाने केली होती आणि आईचा नंबर आमच्या गाढवानंतर लागला होता. ती अजून ते विसरलेली नाही.) तुमच्या उन्हाळी कुरणावर फोन लागत नाही, म्हणून हे पत्र समोवाराखाली ठेवत आहे. माझ्या बहिणीच्या, ऐजामालच्या पाठवणीला निघण्याआधी अंघोळीला आणि चांगली टोपी घालायला तुम्ही घरी उतराल, आल्या आल्या चहा टाकाल, तेव्हा हे हाती लागेलच. एवढंच करा, की पत्र संपेपर्यंत आतल्या खोलीत जाऊ नका. तिथे काही नाही. म्हणजे आहे, पण ते ओघाने येईलच.

तुम्हाला ठाऊकच आहे, की मुलगी सासरी जाते तेव्हा तिच्या सामानात आईच्या हातचा शिरदाक, आपला नक्षीचा लोकरी गालिचा, लागतो. आई दरवेळी बडवलेल्या लोकरीच्या नमद्यावर खडूने मेंढ्याची शिंगं काढते, चाकूने कापते आणि शिवते. या खेपेला तिचं मनगट सुजलं. (लोकर बडवून सुजलं असं ती म्हणते. विहीणबाईंच्या नावाने कणीक आपटून सुजलं असं बाबा म्हणतात, पण ती घरात नसताना.) मी बिश्केकहून सुट्टीवर आलो, तेव्हा तिने चहाच्या आधी विचारलं, "तुझं ते कॉम्प्युटर शिंगं काढतं का रे?" मी म्हणालो, "काहीही काढतं." मामा, हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. तेच मी या पत्रात मांडतो आहे.

पहिल्या दिवशी मी प्रोग्राम लिहून एक सुंदर वळणदार रेघ काढली. शिंगासारखी वळत जाणारी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची. आईने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे शिंग आहे की न्हाणीघराचा पाइप?" तिचं म्हणणं रास्त होतं. शिंग बुडाशी दणकट असतं, वळणावर फुगतं आणि टोकाला निमुळतं होत जातं. म्हणून मी रेघेच्या प्रत्येक ठिकाणी तिथली जाडी सांगणारा एकेक आकडा दिला, आणि त्या आकड्याप्रमाणे रेघेच्या दोन्ही अंगांना कड आखायला लावली. फुगीर वळणं सुरेख जमली. पण जिथे शिंग अगदी आत गुंडाळतं, तिथे जाडी मावेना. आतली कड स्वतःच्याच अंगावर चढली आणि तिथे गाठ आली. आई म्हणाली, "या मेंढ्याला आधी डॉक्टरकडे ने." ती गाठ सोडवण्यात माझी अर्धी सुट्टी गेली. आतल्या वळणाला जाडी थोडी आवरायची आणि वळण सुटलं की परत सोडायची, एवढंच ते होतं. पण सुचेपर्यंत मी घरात कुणाशी धड बोलत नव्हतो, आणि घरातले लोक त्यामुळे सुखात होते.

इथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण साखरपुड्याला सोनुनबुबू विहीणबाई आट-बाशीहून आल्या होत्या, तेव्हा आमच्या मेंढरांकडे पाहून त्या म्हणाल्या होत्या, "रस्त्याकाठची दिसतात. धूळ खाऊन जगतात वाटतं?" हे वाक्य आईने मनात लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं. त्याच दिवशी बोलता बोलता असंही ठरलं होतं, की शिरदाकातला तांबडा रंग मुलीकडचा आणि तपकिरी मुलाकडचा, कारण त्यांची मेंढरं तपकिरी. आता आई माझ्या खांद्याशी उभी राहून म्हणू लागली, "तांबडी शिंगं जाड कर. अजून. अरे, पाहुणे येणारेत, हात आखडू नकोस." मी एक आकडा वाढवायचो आणि पडद्यावर सगळी तांबडी शिंगं एकदम अंगाने भरायची. हाताने काढताना हा मोह होत नाही, खडू दुखतो. आकड्याला काहीच दुखत नाही. शेवटी ती शिंगं अशी झाली, की खालचा मेंढा मान वर करू शकला नसता. आईच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद माझ्या नोकरीच्या बातमीलाही पाहिला नव्हता.

मुकाशच्या सुतारखान्यात कापायचं यंत्र आहे. आम्ही तांबडा नमदा आणि तपकिरी नमदा एकावर एक ठेवून एकदमच कापले. पुढे आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तांबडी शिंगं तपकिरीत बसवायची, तपकिरी शिंगं तांबड्यात बसवायची. काही वाया जात नाही, एका कापणीत जुळे शिरदाक होतात. आणि शिंगांच्या मधे जी जागा उरते तीही शिंगंच असतात, उलट्या तोंडाची. आमच्यात तांबड्यांचं तोंड दाराकडे होतं आणि तपकिरींचं मानाच्या बैठकीकडे. हे लहानपणापासून मला माहीत, आईला तर झोपेतही माहीत. पण तांबड्यांना घातलेली जाडी कुठून तरी आली असणार, हे आमच्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कडेला दोरी शिवून झाली आणि विहीणबाई सामान बघायला आल्या. आईने त्यांना अर्थातच मानाच्या बैठकीवर बसवलं आणि स्वतः यजमानीण म्हणून दाराशी बसली. दाराकडून पाहिलं तर लठ्ठ तांबड्या मेंढ्यांचा कळप डुलत येत होता. आई सुखाने चहा ओतत होती. बैठकीवरून पाहिलं तर त्या कळपाच्या फटींमधून काही तपकिरी शिंगं डोकावत होती, हिवाळ्यात चारा संपल्यासारखी. विहीणबाईंनी बराच वेळ पाहिलं.

"कालिचा," त्यांनी आईला विचारलं, "हे आमचे मेंढे का?"

"छे, छे! नक्षी आहे ती."

"आजारी नक्षी आहे."

बाबांनी घोडीच्या दुधाचं आंबट कुमीस ओतायला घेतलं. (वाद दिसला की ते ओतायला घेतात. त्या दिवशी पिंप रिकामं झालं.) घराची अब्रू वाचवायला मी धावत जाऊन जुळा शिरदाक आणला आणि पसरला. त्यात तपकिरी लठ्ठ होती. विहीणबाईंचा चेहरा उजळला, "हां, हा आहे! मुलगा हुशार आहे तुमचा." पण आईने त्यात तांबडी पाहिली. ती उठून उभी राहिली. "माझी पोर उपाशी मेंढ्यांवर पाय ठेवून तुमच्या घरात शिरणार? हा माझ्या दाराबाहेर जायचा नाही."

"मग तो पहिला तरी माझ्या दाराच्या आत कसा येईल?" म्हणत विहीणबाईंनी बूट चढवायला घेतले. "शिरदाकाचं ठरलं की कळवा. मग गाडी पाठवू."

ऐजामाल पडद्यामागे उभी होती. विहीणबाईंचा तालाय चांगला मुलगा आहे, मामा. तिचा जीव आहे त्याच्यावर, आणि हे सगळं आता दोन बायकांच्या शिंगांवर अडकलं होतं. ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मला माझ्या सगळ्या आकड्यांची लाज वाटली. मी रात्रीत जाडी सारखी करून देऊ शकत होतो, पण लोकर संपली होती आणि आईचं मनगटही.

त्या घटकेला आई जे बोलली ते मी जसंच्या तसं देतो. "अहो, बसा! हे दोन्ही तर मापाला केलेले. खरा शिरदाक माझ्या भावाकडे आहे, आमच्या आईच्या हातचा. तोच जाणार आहे ऐजाबरोबर. त्याने कधीच दिलाय."

विहीणबाई एका बुटावर थांबल्या. "सागिन देईल? मेंढा घ्यायला गेले होते तेव्हा पाहिलाय मी तो. त्यावर तो मांजरालाही बसू देत नाही."

"भाचीसाठी देईल," आई म्हणाली. "भाऊ कुणाचा आहे?"

बूट उतरला. पाठवणीचा दिवस ठरला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

मामीला सलाम. कुत्र्याला समजवा, त्याने मला ओळखलं नाही.

तुमचा आज्ञाधारक,
जेंगिश

ता. क. आतल्या खोलीतला आजीचा शिरदाक आता तिथे नाही. आमच्या गाडीच्या टपावर आहे. किल्ली शेजारच्या तुर्सुन आजोबांनी दिली. "भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले बरे" असं तेच म्हणाले, आणि दार उघडून दिलं. आजोळहून भाच्याने नेलेलं मागता येत नाही, ही रीत मी केलेली नाही.

ता. क. दुसरा. मूळ विनंती अशी, की पाठवणीला विहीणबाईंनी विचारलं तर "मीच दिला, आनंदाने दिला" एवढं म्हणा. चेहराही तसा ठेवा. जमलं नाही तर टोपी पुढे ओढा.

ता. क. तिसरा. जमीन उघडी नको म्हणून लठ्ठ तांबड्यांचा शिरदाक तुमच्या खोलीत पसरून ठेवला आहे. तुम्ही नेहमी मानाच्या बैठकीवर बसता. यापुढे दाराशी बसत जा.

ता. क. चौथा. (हे मी लिहिते आहे, ऐजामाल.) मामा, जेंगिश म्हणतो हक्क आहे, नेला. मला हक्काने नको. लहानपणी उन्हाळ्यात मी तुमच्याकडे याच शिरदाकावर झोपायचे, आजी कडेला बसून शिंगांवर बोट फिरवत गोष्ट सांगायची. आत्ता गुंडाळण्याआधी मी त्यावर थोडा वेळ पडून राहिले. तुम्ही येईपर्यंत तो बांधलेलाच राहील. तुम्हाला द्यायचा असेल तर तुमच्या हाताने उलगडा. नसेल तर तसाच परत घेऊन जा, मी काही म्हणणार नाही. पण या. तुमच्याशिवाय मी सासरच्या गाडीत बसणार नाही.

ता. क. पाचवा, आणि शेवटचा. (पुन्हा जेंगिश. ती बाहेर आमच्या गाडीत जाऊन बसली आहे.) वरचं तिला मीच लिहायला सांगितलं. तिला नाही म्हणणं तुम्हाला आजवर कधी जमलेलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. आत शिरदाकावर पडून ती रडली, ते मात्र मी सांगितलं नव्हतं.