राहून गेलेल्या सहीबाबत

मी, शामकांत रघुनाथ चौबळ, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त मरीन इंजिनिअर, राहणार स्टर्लिंग रोड, क्वीन्सटाउन, सिंगापूर, माझे डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही धाक किंवा लाडीगोडी न लावता, माझ्यामागे काय व्हावे ते येथे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टर नीलिमा कर्णिक यांनी आज सकाळी करून घेतली. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाल्या. त्यांनी एक्कावन्नला पुरे म्हटले, मी हट्टाने दोनपर्यंत गेलो. फुप्फुसांची गोष्ट वेगळी. जुन्या जहाजांच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेले असे आणि आम्ही ते हातांनी फाडायचो. त्या धुळीने चाळीस वर्षांनी डोके वर काढले आहे. यंदाची दिवाळी मला दिसणार नाही.

मी विचार मराठीत करतो म्हणून मराठीत लिहितो. वकीलबाई याचे इंग्रजी करून घेणार आहेत. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, मनातले फार लिहू नका. दोन, ज्याला या कागदाने काही मिळणार आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका, कारण साक्षीदाराला ठेवलेला वाटा कायद्याने रद्द होतो. दुसरी सूचना मी पाळणार आहे.

कलम १. माझे यापूर्वीचे, सन २०१८ चे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या धाकट्या सुनेचे नाव नव्हते. मी विसरलो नव्हतो.

कलम २. या कागदात येणारी माणसे अशी. थोरला मुलगा तन्मय व त्याची पत्नी चैत्राली, राहणार पुंगोल. धाकटा मुलगा सौमित्र, सन २०१७ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याची पत्नी फाम थी हान्ह, व्हिएतनामी, राहणार कान थो, मेकाँग नदीकाठी. सौमित्र व हान्ह यांची मुलगी जाई, वय बारा, सिंगापूरची नागरिक, माझ्याजवळ राहते. माझी पत्नी कुमुद चार वर्षांपूर्वी गेली. तिने माझ्याकडे जे मागितले होते ते मी ती असताना दिले नाही.

कलम ३. हत्यारे. दोन मायक्रोमीटर, फीलर गेज, रिंग पान्यांचा पूर्ण संच व लाकडी पेटी जाईला द्यावी. तन्मयने आयुष्यात पाना नीट धरला नाही. जाईने गेल्या वर्षी स्वयंपाकघरातला गळका नळ खोलून वॉशर बदलला आणि वर मला म्हणाली, "सो इझी लाह, आजोबा." पान्यांना तेल लावून ठेवावे, इथल्या हवेत महिन्यात गंज धरतो. भिंतीवरचे माझे फर्स्ट क्लास इंजिनिअरचे प्रमाणपत्र तन्मयने न्यावे. फ्रेम चांगली आहे.

कलम ४. राहते घर सरकारी गृहयोजनेतले आहे, ते विकावे. तन्मयचे स्वतःचे घर असल्याने नियमाप्रमाणे त्याला हे ठेवता येत नाही. हान्हला तर घेताच येत नाही, कारण ती इथली नागरिक नाही आणि कायम रहिवासीही नाही. म्हणून घर विकून येईल त्यातला अर्धा भाग हान्हला व अर्धा जाईला द्यावा. बँकेतल्या शिल्लकीचेही तसेच करावे. कोणाचा वाटा काही कारणाने रद्द ठरला तर तो जाईला जावा. तन्मयला मी हयातीत पुरेसे दिले आहे आणि तो ते मान्य करतो.

कलम ५. कारणे द्यायची गरज नसते, असे वकीलबाई म्हणतात. मला आहे.

मी एक्क्याऐंशी साली सेंबवांगच्या गोदीत कामाला लागलो. जवळच व्हिएतनामी निर्वासितांची छावणी होती. समुद्रात जहाजांनी उचललेली माणसे तिथे पुढच्या देशाची वाट बघत राहायची. आम्ही आमचे जुने बॉयलर सूट तिकडे नेऊन द्यायचो. देताना दया यायची हे खरे, पण दयेबरोबर बरेही वाटायचे. ते बोटीतून आले, आम्ही विमानातून. वास्तविक मी तेव्हा सेरंगून रोडवर एका खोलीत पाच जणांबरोबर जमिनीवर झोपत होतो. पुढे कायम राहण्याच्या अर्जाला शिफारस लागली, तेव्हा मिस्टर को या माझ्या चिनी फोरमनने जेवणाच्या सुट्टीत तेलाच्या ड्रमवर कागद ठेवून सही केली. मला एकही प्रश्न विचारला नाही.

मराठी मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर मीही तशा सह्या खूप केल्या. पुण्यामुंबईची पोरे, त्यांचे आईवडील, घरमालकाला हवी असलेली हमी, सगळ्यांना. मला 'सहीवाले चौबळ' म्हणत आणि मला ते आवडे. ज्यांच्यासाठी मी सही करत होतो त्यांचे माझ्यावाचून काही अडत नव्हते, हे मात्र कधी लक्षात घेतले नाही.

चैत्राली लग्न होऊन आली ती कंपनीच्या खर्चाने, सामानसुमानासकट. दुसऱ्या वर्षी तिला कायम रहिवासाचे पत्र आले. हान्हला इथे पाठवायला तिच्या वडिलांनी वाळू वाहायची होडी विकली होती. हॉटेलच्या कामाचा खासगी कोर्स होता. त्या पदविकेला पुढे कोणी विचारले नाही. सौमित्रशी लग्न झाल्यावर ती नखे रंगवायच्या दुकानात काम करू लागली. दोघी सुना एका वयाच्या, दोघी कामाला वाघ. फिलिपिनो नर्स, मलेशियन चिनी इंजिनिअर, आमची आयटीतली मंडळी, या सगळ्यांना निदान विचारणारे कोणी असते. कंपनी असते, संघटना असते, मंडळ असते. हान्हला नवरा होता. तिचा इथला एकेक दिवस सौमित्रच्या सहीवर चालला होता.

मी लग्नाला गेलो नाही. कुमुद गेली होती. हान्ह मला 'बा' म्हणायची, तिच्याकडे वडिलांना तसे म्हणतात. मी एकदाही ओ दिली नाही. आम्ही कायस्थ, सोडे खाणारे. तरी तिने जेवणात माशाचा सॉस घातला की मी तिच्यादेखत उठून खिडकी उघडायचो.

सौमित्र गेला आणि तिचा इथे राहण्याचा पास संपत आला. राहायचे तर कोणी नागरिकाने तिचा जामीन म्हणून अर्जावर सही करायला हवी होती. तन्मय तेव्हा कामासाठी दुबईत होता. उरलो मी. तो अर्ज आमच्या जेवणाच्या टेबलावर एकोणीस दिवस पडून होता. हान्ह रोज टेबल पुसायची, अर्ज उचलायची, परत तिथेच ठेवायची आणि त्यावर माझे पेन ठेवायची. कुमुद म्हणाली, "अहो, सही करा ना. आई आहे ती पोरीची." मी म्हणालो, "बघू."

बघायचे काही नव्हते. मुलगा गेला होता आणि मला त्याची मुलगी हवी होती. हान्ह राहिली असती तर उद्या दुसरे लग्न करून जाईला घेऊन गेली असती, किंवा माझी नात नखांच्या दुकानात मागच्या स्टुलावर बसून वाढली असती, असे मी स्वतःला समजावले. पास संपायच्या दिवशी सकाळी हान्ह म्हणाली, "बा, आज शेवटचा दिवस." मी चष्मा सापडत नाही म्हणालो. ती सगळ्या घरात चष्मा शोधत फिरली. सोफ्याखाली वाकून बघितले तिने. चष्मा माझ्या खिशात होता.

ती गेली तेव्हा जाई साडेचार वर्षांची होती. आजी-आजोबांजवळ ठेव, तुझे बस्तान बसले की ने, असे मी हान्हला सांगितले. कान थोमध्ये तिचे बस्तान बसले तेव्हा जाई पहिलीत गेली होती आणि मी शाळेचे कारण पुढे केले.

कलम ६. जाईची पालक म्हणून मी तिची आई हान्ह हिलाच नेमतो. नेमणारा मी कोण, हा प्रश्न रास्त आहे.

जाईला मी आजवर सांगत आलो की सरकारने तुझ्या मम्मीला परत पाठवले. हे खोटे आहे. सरकारने फक्त एक सही मागितली होती. हान्ह वर्षातून दोनदा तीस दिवसांच्या भेटीवर यायची. त्यातही दोनदा तिला विमानतळावरून परत फिरावे लागले, कारण ती कोणाकडे उतरणार हे सांगणारा माणूस फोन उचलत नव्हता. तो माणूस मीच. कलम पाच आणि हे कलम जाईला मी गेल्यावर आठ दिवसांच्या आत वाचून दाखवावे. ती अठरा वर्षांची होईपर्यंत थांबू नये. मराठी तिला वाचता येत नाही, त्यामुळे चैत्रालीने इंग्रजीत सांगावे आणि काही सौम्य करू नये.

गेल्या महिन्यात मी जाईला विचारले, मम्मीजवळ राहायला आवडेल का. ती फोनवरून नजर न काढता म्हणाली, "मम्मी ओके लाह. बट शी इज लाइक आंटी. आय डोन्ट नो हर जोक्स." आठ वर्षे मी केलेल्या कामाचे फळ ते हे.

कलम ७. तन्मयसाठी. मी आता हान्हच्या अर्जावर सही केली तरी उपयोग नाही, मेलेला माणूस जामीन राहू शकत नाही. सही तू करायची आहेस. मी विचारले तेव्हा चैत्राली म्हणाली, "बाबा, उद्या काही झालं तर जबाबदारी आपल्यावर येते." तू म्हणालास, "बघू." तो शब्द तू कुठून उचललास ते मला माहीत आहे. मी याला अट घालत नाही, कारण अटीखाली केलेली सही मला नको आहे. पण पुंगोलच्या तुझ्या टेबलावर तो अर्ज ठेवून आलो आहे. आज त्याला सहा दिवस झाले.

कलम ८. मराठी मंडळाला काही नाही. मंडळाने माझे वाईट केले नाही, पण तिथे टाळ्या खूप मिळाल्या. माझी शोकसभा घेऊ नये. मंडळाचा आताचा अध्यक्ष शैलेंद्र बोलायला उभा राहील आणि त्याला बसवणे कोणाला जमणार नाही. ज्या पेनने मी सह्या करायचो ते पेन मंडळाचा चिटणीस आणि माझा मित्र विक्रांत सुळे याला मी आज हातोहात देऊन टाकतो (तो साक्षीदार असल्याने कागदावरून देता येत नाही), विक्रांतचे त्या पेनवर बरीच वर्षे लक्ष आहे.

कलम ९. (हे कलम टाइप केलेले नाही. दुपारी चार वाजता हाताने लिहीत आहे.)

साक्षीदार म्हणून डॉक्टर नीलिमा आणि विक्रांत ठरले होते. दोघेही समोर बसले आहेत. जाई शाळेत आहे. हान्ह भेटीवर आलेली आहे, तिचा आज अकरावा दिवस. ती आत येऊन उभी राहिली, म्हणून मी तिला कलम चार आणि पालकत्वाचे कलम इंग्रजीत समजावून सांगितले. घराचा अर्धा भाग तुझा, म्हणालो. मला वाटले ती रडेल. खरे लिहायचे तर तिने रडावे अशी माझी इच्छा होती.

तिने विचारले (तिचे इंग्रजी तुटक आहे, मी सरळ करून लिहितो), "सही करणाऱ्याला काही मिळत नाही, असं तुम्ही मघाशी डॉक्टरांना सांगत होतात. खरं का?"

"हो. म्हणून तर तू सही करायची नाहीस."

"आणि जाई? सही केली तर जाईसुद्धा रद्द होते?"

वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, रद्द होतो तो पैशाचा वाटा. पालकत्व ही देणगी नव्हे, ते टिकते. मी हे हान्हला सांगितले. तिने विक्रांतच्या हातातून पेन काढून घेतले आणि त्याच्या खुर्चीजवळच उभी राहिली. तो बिचारा उठला.

मी म्हणालो, "अगं, पोरीसाठी तरी घे."

"पोरीचं पोरीला जातंच आहे, तुम्हीच तसं लिहिलंय. तन्मयने सही केली तर आम्ही इथे राहू. नाही केली तर जाईला मी घरी नेईन. मी तुमच्याकडे एक सही मागितली होती, बा. घर कधी मागितलं?"

डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवला आणि दहा मिनिटे थांबायला लावले. हान्ह तेवढा वेळ उभीच होती.

कलम चार मी खोडत नाही. तिचा वाटा रद्द होणार हे ठाऊक असूनही ते तसेच ठेवतो. मी देत होतो, एवढे तरी कागदावर राहावे असे मला वाटते. स्वभाव जात नाही.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचले, समजले आणि दोन्ही साक्षीदार एकाच वेळी समोर असताना खाली सही केली.

ठिकाण: क्वीन्सटाउन, सिंगापूर
दिनांक: १० जुलै २०२५

(सही) शामकांत रघुनाथ चौबळ
चष्मा लावून सही केली.

साक्षीदार पहिला: (सही) डॉ. नीलिमा कर्णिक
मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: डॉक्टर व शेजारी

साक्षीदार दुसरा: (सही) फाम थी हान्ह
मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: येथे विक्रांतसाठी टाइप केलेला 'मित्र' हा शब्द खोडून मी 'सून' असे लिहिले होते. साक्षीदाराने ते खोडून स्वतःच्या हाताने 'जाईची आई' असे लिहिले आहे. खाडाखोडीपाशी तिने आणि मी, दोघांनीही सही केली आहे.