दुसऱ्याचा भाग

विश्रामबाग, सांगली
१८ मे २०२५

चि. नीलिमास अनेक आशीर्वाद.

"आपलं काम आपल्याला येतंयच की काकू, दुसऱ्याचं सांगता आलं तर खरं," असं तू आमच्याकडे पहिल्यांदा आलीस तेव्हा म्हणाली होतीस. तुमच्या प्रोग्रॅमिंगमधलं मला काही कळत नव्हतं, पण हे कळलं होतं.

तब्येत कशी आहे? आई-वडील बरे असतील. तुमच्या कडेगावला यंदा ऊन फार म्हणतात. इकडे आमच्या धाकट्या प्रीतीची परीक्षा एकदाची संपली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र रोहनच्या हाती देते आहे.

तू, रोहन आणि आमचा भरतेश, तुम्ही तिघं प्रोजेक्टला बसत नाही, तर पुढची खोली मोठी वाटते. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या म्हणून मी मागे लागायची, आणि तू भरतेशला अडवायचीस, "आधी माझा भाग समजावून सांग, मग भाकरी." तो अडखळला की रोहन म्हणायचा, "काकू, ह्याची भाकरी मला वाढा." असा हसत हसत भरतेश शिकला. कुठल्या शेतातला ऊस आधी तोडायचा, हे ठरवणारा प्रोग्रॅममधला तुझा भाग त्याला शेवटी तुझ्याइतकाच सांगता यायला लागला.

कॉलेजच्या प्रदर्शनात तेच झालं. कंपनीच्या पाहुण्यांनी विचारलं, त्यानं सांगितलं, आणि तो भाग त्यानंच केलाय असा त्यांचा गैरसमज झाला. एका टीममधून एकालाच नोकरीला घ्यायचं होतं. त्यांनी त्याला घेतलं.

गैरसमज हा शब्द मी महिनाभर वापरते आहे. शेजारी पेढे देतानासुद्धा वापरला. पण मी तिथेच उभी होते, नीलिमा. तू वायर आणायला गेली होतीस. पाहुण्यांनी स्पष्ट विचारलं, "हा भाग तू एकट्यानं केलास?" भरतेश म्हणाला, "हो सर."

घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "आई, तिनं शिकवलं, मी शिकलो. शिकलेलं माझं नाही का?" त्याचं उत्तर मी काल दिलं, "शिकलेलं तुझंच बाबा, केलेलं तिचं." ताटावरून उठून गेला.

धाकट्या वर्गातल्या मुली तुझ्याकडे शिकायला यायच्या, त्यांनाही तू परत पाठवतेस म्हणे. रोहन सांगत होता, "कुणी जवळ आलं की लॅपटॉपच मिटतीया, काकू." तक्रार का करत नाही विचारलं, तर तू त्याला म्हणालीस, "काकूंच्या घरचं खाल्लंय. त्यांच्या पोराकडं कसं बोट दावू?"

माझ्या भाकरीचं एवढं मोल लावू नकोस गं. रोहनलाही वाढतच होते.

परवा मी तुमच्या सरांना भेटले. "तुम्ही आई, घरातलं काही भांडण असेल," असं म्हणाले. जिचं काम आहे तिनं लेखी दिल्याशिवाय ते कंपनीला काही कळवणार नाहीत. भरतेश पुढच्या सोमवारी रुजू होतो आहे. त्याचे वडील माझ्याशी बोलत नाहीत.

तू नाहीच म्हणशील, हे जाणून विचारते आहे. गुरुवारी कॉलेजात ये. तक्रार लिही. आणि माझ्या मुलाविरुद्ध, तुझ्या नावाखाली, साक्षीदार म्हणून मला सही करू दे.

भरतेशची आई,
गुणमाला