सहाशे एकतीस फटक्यांचे स्थळ

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. कुमुद हिस अ. उ. आ.

मी, अंबादास विठोबा तळवणेकर, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी पास, लोखंडी दारे-खिडक्यांच्या कारखान्याचा संस्थापक, पूर्ण शुद्धीवर राहून धाकट्या बहिणीस कळवितो की, नात पर्णिका हिने आपले लग्न आपणच ठरविले आहे. माझ्या संमतीवाचून साखरपुडा करणार नाही, एवढी मर्यादा तिने राखली आहे.

मुलगा दर्शन, वय चौतीस, न्यू जर्सीत वाढलेला. बायोडेटात रास आहे, नक्षत्र आहे आणि कारकिर्दीच्या जागी बेसबॉलच्या आकड्यांचा तक्ता आहे. हा गृहस्थ नऊ वर्षे पगारी 'आउटफिल्डर' होता. म्हणजे मैदानाच्या पार टोकाला गवतात उभे राहून चेंडूची वाट पाहणे. आपल्या शेतात या कामास बुजगावणे असे. ते पगार मागत नसे. चोवीसशे वेळा फलंदाजीस गेला, सहाशे एकतीस वेळा यशस्वी. शंभरात सव्वीस! आमच्या गुरुजींनी पस्तिसाखाली कोणास पाचवीत बसू दिले नाही. आता निवृत्त होऊन येथील शाळेत मुलांना तेच शिकवितो. ज्या वयात मी येथील मुसफ्फाच्या कारखाना-वसाहतीत पहिले वेल्डिंग मशीन घेतले, त्या वयात हा निवृत्त!

नकार कळविणार आहे. तुझे मत अवश्य लिही. निर्णय बदलणार नाही.

तुझा,
दादा

फुजैरा, ६ नोव्हेंबर

ती. दादांना कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

पर्णिकाचा फोन आला. रडत होती, मध्येच इंग्रजीत चिडत होती. तिचे म्हणणे, त्या खेळात दहात तीन मारणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात. मला खेळ कळत नाही, पण एक आठवते. ड्रायव्हिंग टेस्टला आपण आठव्या खेपेस पास झालात आणि बिल्डिंगभर पेढे वाटलेत. शंभरात साडेबारा झाले, दादा!

नकार द्यायचाच तर मुलाला समोर बसवून द्या. लोभ आहेच, माझ्या आगाऊपणाने तो आटू देऊ नका.

आपली,
कुमुद

अबुधाबी, ९ नोव्हेंबर

चि. सौ. कुमुद हिस आशीर्वाद.

तुझे गणित बरोबर आहे. ते मोठ्या भावास लिहून पाठविणे बरोबर नाही.

आज मुलास बोलाविले. वेळेवर आला, वाकून नमस्कार केला. मराठी मोडके. तक्त्यातील शेवटचा रकाना कसला, असे विचारले. म्हणाला, चुकांचा, एकोणीस. ऊन डोळ्यांत गेले, वारा होता, असे एकदाही म्हणाला नाही. एक झेल गॅलरीत बसलेल्या आईकडे पाहताना सुटला, दोन निव्वळ आळसाने, असे आपणहून सांगितले. रकाना गाळता आला असता, असे मी सुचविले. त्यावर, मग ते माझे रेकॉर्ड कसले, असे त्याने मलाच विचारले.

कुमुद, आपल्या रघुवीरच्या लग्नावेळी मुलाचा बायोडेटा मी स्वहस्ते लिहिला होता. बारावीस तो दोनदा नापास झाल्याचे गाळले. सूनबाई सुचित्रेस ते लग्नानंतर कळले. ती आज चहा घेऊन उभी होती. कप जरा जोरात ठेवला.

सबब संमती दिली आहे. त्या खेळाविषयी माझे मत कायम आहे. आवड उत्पन्न झाली असा अर्थ कोणी काढू नये.

अंबादास विठोबा तळवणेकर

समक्ष साक्षीदार: सून सुचित्रा. नात पर्णिका. शेजारी नूरुद्दीन, मूळ राहणार रत्नागिरी. मुलगा रघुवीर आरंभी हजर होता. बारावीचा विषय निघताच गाडी पुसावयास गेला.