खिळ्याला टांगलेली रोटी

शांघाय, महोत्सवाचा शेवटचा दिवस

बाबा,

"नारीनच्या डोंगरातला म्हातारा घोडीची धार काढतोय, हे कोण बघणार? चिन्यांना काय कामंधामं नाहीत?" असं म्हणाला होतात ना? बघितलं! तुम्ही घोडीला शिव्या घालता तिथे अख्खं थिएटर हसलं. इथल्या वितरक बाई मी तुमच्यावर काढलेला हा सिनेमा चीनभर लावणार आहेत. त्यांची अट एकच: पहिल्या खेळाला तो म्हातारा हजर हवा. मी तुम्हाला न विचारताच हो म्हणून बसलेय.

हे पत्र मी पाठवत नाही. वाचलंत तर घोडीसकट वरच्या कुरणात पळाल. त्यापेक्षा मीच येते. निघताना मी एक चावा घेतलेली रोटी, मी सुखरूप परतावं म्हणून तुम्ही खिळ्याला टांगलीत. ती खाऊन खिळा रिकामा करते. मग चीनला निघताना नव्या रोटीचा चावा तुमचा. दात नाहीत ही सबब चालणार नाही.

तुमचीच हट्टी लेक,
बर्मेत