पिवळा ठिपका

३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
नमस्कार लांबूनच, कारण आज मला माझीच किळस येतेय.

रविवारी तू सुट्टी संपवून गेलीस आणि तुझा राखाडी स्वेटर इथेच राहिला. दुकानात गारठा, म्हणून मीच घालतोय. आज अंघोळीला काखेत हात गेला, तर वाटाण्याएवढं काहीतरी लिबलिबीत. गोचीड! शी! चिमट्याने उपटली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा हात, म्हणून अख्खी निघाली. भिंगातून पाहिलं तर टम्म पोट, वळवळणारे पाय आणि पाठीवर पिवळा ठिपका. बाईसाहेब नटूनथटून जेवायला आल्या होत्या! स्क्रूच्या रिकाम्या डबीत कोंडून ठेवलीय. माझं जेवण मात्र गेलं नाही.

घाबरू नकोस. ना दुखलं, ना खाजलं, ना लाल झालं.

माया आहेच, ती राहू दे. स्वेटर परत मागू नकोस.
तुझा छोटू

४ फेब्रुवारी

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.
टपालावर न विसंबता हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. वाचलंस की ऊठ आणि डॉक्टरांकडे जा.

तो ठिपका मी लावलाय. प्रयोगशाळेत आम्ही गोचिडींच्या तोंडाला काचेची नळी लावून लाळ गोळा करतो. पिवळा ठिपका म्हणजे मुद्दाम जंतू पाजलेली. तिथे घातलेले कपडे बाहेर न्यायचे नाहीत, हा नियम. मला थंडी वाजली म्हणून मी कोटाखाली स्वेटर घातला आणि तसाच घेऊन तुझ्याकडे आले. सुट्टीआधीच्या मोजणीत एक कमी भरली, तर 'मेली असेल' म्हणून वहीत लिहून मोकळी झाले.

खाजलं नाही, हेच वाईट. तिच्या लाळेने चावा बधिर होतो. जखमेकडे धावून येणारे अंगातले राखणदारही त्याच लाळेने गुंगतात, आणि जंतू बिनबोभाट आत शिरून घर करतात. हेच रोज लिहिते मी, आणि माझ्याच भावाच्या अंगात ती घाण! हात दहादा धुतले, तरी ओकारी येतेय.

डबी सोबत ने आणि सगळं खरं सांग. साहेबांना मी सांगितलंय. नोकरी गेली तर जाऊ दे, तू बरा राहा.
तुझी मूर्ख ताई

७ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
दोन दिवस तापाने फणफणलो, आज उतरलाय. डॉक्टर आधी साधा ताप म्हणत होते. डबी उघडली, तुझं पत्र वाचलं आणि तोंड वाकडं करत औषध बदललं. तू खरं लिहिलं नसतंस तर माझं कठीण होतं. तेव्हा मूर्ख वगैरे पुरे. स्वेटर उकळत्या पाण्यात घालून मग जाळला. काय तो वास!

पण ताई, तो स्वेटर आधी तुझ्या अंगात होता. तू स्वतःला नीट पाहिलंस का?

लगेच लिही, तोवर घास उतरायचा नाही.
छोटू

८ फेब्रुवारी

चि. छोटूस अनेक आशीर्वाद.
काल साहेबांनी समोर बसून पुन्हा मोजायला लावलं. एक नाही, दोन कमी आहेत.

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होते. ताट सरकवलं आणि केस मोकळे करून बोटांनी चाचपत गेले. कानामागे, केसांच्या मुळाशी, द्राक्षाएवढी लागली. आरशात पिवळा ठिपका दिसला. दहा दिवस मी तिच्यासकट जेवले, झोपले, तुला शहाणपण शिकवलं.

डॉक्टरांकडे निघालेय. मला कुठेच खाजत नव्हतं रे.
ताई